दोन काळ्या काचांमधला खडा

"रुमाल उलगडू नकोस," अण्णा म्हणाले. "आधी हातात दे."

धाकट्याने रुमालासकट खडा वडिलांच्या तळहातावर ठेवला आणि तो दोन पावलं मागे सरला. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, पण प्रगतीपुस्तक दाखवायला आल्यासारखा उभा. अण्णांनी रुमाल स्वतःच सोडला, खडा मुठीत घेतला आणि मूठ जराशी वरखाली केली. वजन ऐकत असल्यासारखी त्यांनी मान कलती केली होती.

उत्तरेकडच्या खिडकीखालच्या लांब टेबलाभोवती सगळं घर जमलं होतं. आजोबांनी याच टेबलावर पहिला कच्चा माल वेचला, तेव्हापासून या खोलीत उत्तरेचाच उजेड येईल अशी व्यवस्था होती. उन्हाचा एक तुकडासुद्धा इथे शिरत नसे, कारण ऊन खड्याला हवं ते बोलायला लावतं असं आजोबा म्हणायचे. अण्णांच्या उजव्या हाताला नेहमीप्रमाणे थोरली लेक बसली होती. तिचा नवरा भिंतीला टेकून कळकट फडक्याला हात पुसत होता. कारखान्यात त्याला सगळे मास्तर म्हणत. गेली एकोणीस वर्षं या घरचा प्रत्येक मोठा खडा त्याच्याच चाकावर चढला होता. धाकट्याची बायको, थोरलीची वहिनी, दाराच्या आत उभी होती आणि आई दाराच्या बाहेर. काम चालू असताना आईने या खोलीचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, आणि आजही ओलांडायचा नाही असं ठरवूनच ती आली होती.

अण्णांनी खडा ओठांना लावला, मग त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि लगेच अंगठा फिरवला.

"वाफ टिकली?"

"नाही," थोरली म्हणाली. "टेकली आणि गेली."

"गार आहे. साल साबणाच्या वडीसारखी लागतेय." त्यांनी नखाने एक कड चाचपली. "हिराच आहे."

"अण्णा, मी काय काच आणणार होतो?" धाकटा हसला.

"तुझ्या लग्नाला होकार देताना मी एवढा वेळ लावला नव्हता. आता जरा लावू दे."

वहिनीसुद्धा हसली. क्षणभर खोली सैल झाली.

चार वर्षांपूर्वी अण्णांच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध एक करडा डाग बसला होता. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. माणसांचे कान दिसत, पण चेहरे नाही. बाहेर कोणाला याचा पत्ता नव्हता. घरात सगळ्यांना होता, आणि त्यावर कोणी अवाक्षर काढत नसे. थोरली भिंगातून पाहायची, हलक्या आवाजात सांगायची, अण्णा ते ऐकून मोठ्याने निकाल द्यायचे. मग बाजारात म्हटलं जायचं की अण्णांनी पाहिलंय, आता बघायला नको. खरं तर डोळे शाबूत होते तेव्हाही ते तिलाच विचारायचे. तिच्या नजरेतून सुटलेला डाग अजून कोणाला सापडला नव्हता. पण "थोरलीने पाहिलंय" असं कोणी कधी म्हणालं नव्हतं, आणि तिनेही ते कधी मागितलं नव्हतं.

"सांग," अण्णा म्हणाले.

तिने चिमट्याने खडा उचलला आणि भिंग डोळ्याशी नेलं. "आठ बाजू. एका अंगाला दबलाय, पण आकार सोडलेला नाही. बाजूंवर त्रिकोणी खळगे आहेत, बारीक आणि स्वच्छ. पाण्याबरोबर फार वाहून आलेला दिसत नाही, कडा झिजलेल्या नाहीत."

"आत?"

"एका कोपऱ्याशी काळा ठिपका. त्याच्याभोवती पिसासारखं काहीतरी. बाकी मोकळा."

"एकच दगड निघेल यातून," धाकटा पुढे सरसावला. "कापायची गरजच नाही, नुसते पैलू पाडायचे. असा अख्खा दगड या घरातून बारा वर्षांत गेलेला नाही."

"रंग?" अण्णांनी त्याचं बोलणं ऐकलंच नव्हतं.

"किंचित तपकिरी झाक."

अण्णांचा अंगठा थांबला. "तपकिरी?"

"किंचित."

"जमिनीच्या पोटात दगड फार पिळला गेला की तो रंग येतो. कधी तेवढ्यावर भागतं, कधी तो पीळ आतच राहतो." त्यांनी खडा टेबलावर ठेवला. "काळ्या काचा काढ."

धाकट्याचा चेहरा पार उतरला. हा खडा त्याने कोणालाही न विचारता, स्वतःच्या वाट्याचं सगळं ओतून, केवळ स्वतःच्या नजरेवर घेतला होता. आजवर तो अण्णांच्या मागे बॅग धरून उभा राहिलेला माणूस. हा पहिला खडा त्याचा स्वतःचा होता.

"आधी सगळ्यांनी चहा घ्या," दारातून आई म्हणाली. "थोरले, जरा हात लाव बरं."

चहा तयारच होता. स्वयंपाकघरात गेल्यावर आईने दार लोटलं आणि मुलीचं मनगट घट्ट धरलं.

"त्या काचांत वाईट दिसलं तर काय होईल?"

"अण्णा चाकावर चढवू देणार नाहीत. आहे तसा विकावा लागेल."

"कोण घेईल?"

"काचा सगळ्यांकडे असतात, आई."

आईने कपबशा मांडल्या, पुन्हा उचलल्या, पुन्हा मांडल्या. "मागच्या खेपेला मन मोडलं तेव्हा धाकटा अकरा दिवस घरी आला नव्हता. तुला आठवतं, कसा सापडला ते?"

थोरलीला आठवत होतं. तिच्या नवऱ्यानेच त्याला नदीच्या पुलाखालून हाताला धरून आणलं होतं. घरात पाऊल टाकताना धाकटा फक्त एवढंच म्हणाला होता, मला काहीच नीट करता येत नाही.

"आता गेला तर तो परत यायचा नाही," आई म्हणाली. "मी त्याची आई आहे, मला कळतं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तो काल पोटभर जेवला. का, तर हा दगड. तुझ्याकडे नजर आहे, भला नवरा आहे, चार माणसं मान देतात. त्याच्याकडे काय आहे गं?"

"मला मान? आई, मला कोण मान देतं?"

"हे बोलायची ही वेळ आहे का?"

"मग मी नेमकं काय करू?"

"मला त्या दगडातलं काय कळतं! मी कुठे सांगते काय बोल म्हणून? माझं एवढंच म्हणणं आहे की बोलताना तो तुझा भाऊ आहे हे लक्षात ठेव."

थोरली ट्रे घेऊन बाहेर आली. नवऱ्याने पुढे होऊन तो तिच्या हातून घेतला.

काळ्या काचांचं उपकरण म्हणजे काय, तर एक दिवा आणि एकमेकींवर आडव्या बसवलेल्या दोन गडद काचा. मधे काही नसलं की वरून फक्त अंधार दिसतो. मधे शांत दगड ठेवला तर तो करडा राहतो, फार तर ढगाळ. ज्याच्या आत ताण आहे, जो चाकावर फुटू शकतो, असा दगड मात्र रंगांनी पेटतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याला वाटेल, काय सुंदर खडा!

थोरलीने खडा मधे ठेवला आणि डोळा लावला.

तो पेटला. ठिपक्याच्या भोवती निळा, त्याबाहेर पिवळा, मग लालजांभळे पट्टे एकमेकांत घुसलेले, ओल्या रस्त्यावर तेल सांडावं तसे. तिने खडा जरा फिरवला. रंग फिरले, पण विझले नाहीत. इतका ताण तिने उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिला होता. त्यातला एक खडा चाकावर टिकला होता आणि पुढे त्याची सुंदर अंगठी झाली होती. दुसऱ्याचा भुगा झाला होता.

"काय दिसतं?" अण्णांनी विचारलं.

धाकट्याने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. तो तिच्याकडे पाहतच नव्हता, जमिनीकडे पाहत होता. पुलाखालून आणलं त्या दिवशीही तो असाच जमिनीकडे पाहत आत आला होता.

एक टिकला होता, तिने मनात म्हटलं. दोनांतला एक टिकला होता.

"शांत आहे," ती म्हणाली.

"पूर्ण?"

"कडेला थोडं ढगाळ. बाकी शांत."

अण्णांचा अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरला. मग त्यांनी मान हलवली. "मग चढवा चाकावर."

धाकट्याने वाकून वडिलांच्या पायांना हात लावला. आईने दाराबाहेर पदर डोळ्यांना लावला. वहिनी थोरलीच्या जवळ आली आणि कानाशी म्हणाली, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?" थोरलीने झटकन दिवा बंद केला.

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस ती नवऱ्याला सांगायचं ठरवत होती आणि सांगत नव्हती. सांगितलं असतं तर तो सरळ अण्णांकडे गेला असता. त्या माणसाला खोटं बोलता येत नसे. लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्याने आपणहून सांगितलं होतं की मला घोरायची सवय आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी खड्यावर शाईची रेघ आखून झाली. मास्तरांनी तो पितळी पकडीत बसवला, चाकाला तेल आणि हिऱ्याची पूड लावली. चाकावर घेण्याआधी त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"काही आहे का गं यात? माझं मन जरा घेत नाही."

धाकटा शेजारीच उभा होता. चार कामगार आपापली चाकं थांबवून बघायला आले होते.

"काही नाही," ती म्हणाली. "हळू घ्या."

"मी कधी जोरात घेतलंय?"

पहिला पैलू तासाभरात अर्धा उघडला. एखाद्या काळवंडलेल्या घराची खिडकी कोणी आतून पुसावी तसा सालीखालचा उजेड दिसायला लागला. मास्तरांनी पकड उचलली, डोळ्यावरचा जाड चष्मा कपाळावर सरकवला, भिंगातून पाहिलं.

"किती झालं भाऊजी?" धाकट्याने विचारलं. गेल्या तासाभरात त्याने हे सातव्यांदा विचारलं होतं.

"होतंय रे बाबा. पोर जन्माला यायची आहे का?"

ते हसतच वाकले आणि त्यांनी पकड पुन्हा चाकावर टेकवली. चष्मा कपाळावरच राहिला होता.

आवाज फार मोठा झाला नाही. थोरलीला नंतर कोणी विचारलं तेव्हा तिला एवढंच सांगता आलं की काडी मोडल्यासारखं झालं, आणि मग मास्तर दोन्ही हात चेहऱ्यावर दाबून स्टुलावरून खाली बसले. चाक फिरतच होतं. कोणीतरी ते बंद केलं. बोटांच्या मधून रक्त आलं तेव्हा धाकटा गुडघ्यांवर बसून जमिनीवरचे तुकडे शोधत होता. त्याला रक्त दिसलंच नसावं, असं ती आजही स्वतःला सांगते.

उजवा डोळा गेला. डाव्यातही एक कण घुसला होता, तो काढला. दोन्ही डोळे बांधून ठेवावे लागतील, डावा हलता कामा नये, असं डॉक्टरांनी सांगितलं. डावा वाचला तरी भिंगातून पाहण्याचं काम यापुढे होणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. चालता चालता, दुसऱ्या पेशंटचा कागद वाचता वाचता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पुन्हा त्या लांब टेबलाभोवती जमले. या वेळी आई आत आली होती आणि धाकट्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली होती. कागदावर तुकडे ठेवले होते. सगळ्यात मोठा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा होता.

"कामगार सांगतात, जोर जास्त लागला," धाकटा म्हणाला. "पकड गरम झाली होती. मी स्वतः पाहिलं."

"तू पाहिलंस?" थोरली म्हणाली. "तुला चाकाचं काय कळतं?"

"मग तूच सांग! खडा शांत होता ना? तूच पाहिलास. शांत खडा असा फुटतो का? कधी फुटतो?"

थोरलीने कागदाची दुमडलेली कड सरळ केली.

"वय झालं की हात जड होतो," आई हळूच म्हणाली. "जावईबापूंना दोष नाही देत मी. पण चष्माही डोळ्यावर नव्हता म्हणे."

"चष्मा नव्हता ते तुमच्या लेकाने घाई केली म्हणून," वहिनी म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून तिने या टेबलाशी तोंड उघडलं नव्हतं. "किती झालं, किती झालं. घरीसुद्धा तेच चाललं होतं यांचं. ताई, मी तुम्हाला एक विचारू? त्या दिवशी तुम्ही दिवा एवढा झटकन का विझवलात?"

"तू आत जा," आई म्हणाली.

"मी विचारतेय फक्त."

"आत जा म्हटलं ना!"

धाकट्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि तो गदगदून रडायला लागला. लहान मुलासारखा, आवाज न आवरता. मला काहीच नीट करता येत नाही, मला काहीच... आईने त्याला छातीशी घेतलं आणि त्याच्या डोक्यावरून थोरलीकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, आणि विनवणीच्या मागे धमकीही.

अण्णांनी टेबलावर बोटं आपटली. "थोरली सोडून सगळे बाहेर जा."

खोली रिकामी झाली. अण्णा कागदावरचे तुकडे बोटाने चाचपत राहिले. एकेक टोक ते अंगठ्याने तपासत होते.

"असे शिंपल्यासारखे तुकडे जोराने होत नाहीत," ते म्हणाले. "आतूनच होतात."

"अण्णा..."

"मी विचारलं, काय दिसतं. तू लगेच सांगणारी मुलगी. त्या दिवशी तू श्वास घेतलास, मग सांगितलंस. डोळे गेलेत माझे, कान नाही."

थोरलीला वाटलं आपण ऐकण्यात चूक करतोय. "तुम्हाला कळलं होतं?"

"शंका आली होती."

"मग चढवा का म्हणालात?"

"तू का शांत म्हणालीस?"

बाहेरून धाकट्याच्या हुंदक्यांचा आवाज येत होता, आणि आईचा, पाठीवर थोपटल्याचा.

"आता माझं ऐक," अण्णा म्हणाले. ते तिच्या कानाकडे पाहत होते. चेहरा त्यांना दिसत नव्हता. "हे इथेच राहू दे. तू पाहिलं होतंस हे बाहेर पडलं तर तो समजेल की आपण सगळ्यांनी त्याला कीव म्हणून खेळवलं. मग त्याला कोणी वाचवू शकणार नाही. जावयाचा हात चुकला, एवढंच राहू दे. होतं असं. मोठमोठ्या कारागिरांचं होतं. तुझ्या नवऱ्याला आपण आयुष्यभर सांभाळू. काही कमी पडू देणार नाही."

"त्यांचा हात एकोणीस वर्षांत चुकला नाही."

"माहीत आहे मला."

"आणि तुम्ही मला म्हणताय..."

"मी बाप आहे गं," अण्णा म्हणाले. आवाज एवढा लहान झाला होता की तिला तो ओळखू आला नाही. "मी तुझाही बाप आहे हे मला कळतं. पण दोघांना पुरेल एवढं माझ्याकडे नाही."

ती उठली. तिने खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि ती हॉस्पिटलकडे निघाली.

हॉस्पिटलच्या खोलीत दुपारचं ऊन थेट पलंगावर येत होतं. मास्तर उशीला टेकून बसले होते. दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी. उजव्या हाताचा अंगठा पहिल्या दोन बोटांवर फिरत होता, पकड धरल्यासारखा, सोडल्यासारखा.

"आलीस?" तिच्या चपलांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. "इथे बस. मला एक बघून सांग."

त्यांनी हात सरळ पुढे केला, बोटं पसरून.

"थरथरतो का?"

"नाही."

"नीट बघ. काल संध्याकाळी तुझा भाऊ येऊन गेला. म्हणाला, जोर जास्त लागला तुमचा. मी कालपासून तोच विचार करतोय. मला तर वाटतं, नेहमीसारखंच धरलं होतं. पण माणसाला स्वतःचं कळत नाही. माझ्या आधी चाकावर बसायचे त्या मिस्त्रींचा हात असाच गेला, त्यांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. डोळ्याचं मला तेवढं नाही गं. डोळा काय, एक राहील. पण हात गेला असेल आणि मला कळलंच नसेल, तर... तू खरं सांग. तुझ्यासारखं कोणाला दिसत नाही."

हात हवेत होता. दगडासारखा स्थिर.

"हात चुकला नाही तुमचा," ती म्हणाली. "खडा ताणलेला होता."

"असं कसं? तू तर पाहिला होतास."

"पाहिला होता. काचांमध्ये सगळा पेटला होता. मी शांत म्हणाले."

मास्तरांनी हात खाली घेतला नाही. तो तसाच राहिला, विसरून गेल्यासारखा.

"चाकाजवळ मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"काही आहे का, असं."

"हो."

"बाकी कोणाला माहीत होतं?"

"अण्णांना शंका होती. आई..." ती थांबली. "आईला ऐकायचं नव्हतं."

त्यांनी हळूहळू मान डोलावली. पुष्कळ वेळ डोलावत राहिले. बाहेरच्या लांब वऱ्हांड्यातून कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

"म्हणजे मी चाकावर वाकलो तेव्हा," ते म्हणाले, "तू तिथेच उभी होतीस."

तिला सांगायचं होतं. पुलाखालचं, धाकट्याचे जमिनीकडे लागलेले डोळे, दोनांतला एक टिकला होता ते. सगळं ओठांवर आलं आणि त्यातलं काहीही या खोलीत उभं राहू शकलं नाही.

"अहो," ती म्हणाली.

मास्तरांनी हात खाली घेतला, चादरीची कड चाचपली आणि तो आत ओढून घेतला. मान भिंतीकडे वळवली.

"बाहेर नर्स असेल तर पाठव तिला," ते म्हणाले. "मला पाणी हवंय."

पाण्याचा जग तिच्या कोपराशीच होता, पेला त्याच्यावर पालथा घातलेला. तिने तो सरळ केला. मग पुन्हा पालथा घातला, आवाज होऊ न देता, आणि ती नर्सला शोधायला बाहेर गेली.